कारणं जपा, सायकल टाळा

सायकलने कामावर जायचा विचार मनात आला असेल, तर तो चारचौघांत बोलून दाखवण्याआधी हे वाचा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.

नोकरदार माणसाची खरी पुंजी म्हणजे त्याची कारणं. त्यातलं सगळ्यात भरवशाचं ट्रॅफिकचं. त्याला पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही, आणि साहेब स्वतःही त्यातच अडकून आलेले असल्यामुळे सहानुभूती मिळते ती वेगळीच. सायकलवर टांग टाकलीत की या कारणावर पाणी सोडा. पाच किलोमीटरला साधारण २० मिनिटं लागतात, आणि वाईट म्हणजे रोजच तेवढी लागतात. गाड्यांची रांग हलो न हलो, सायकलवाला आपला कडेकडेने पुढे सरकतो. पार्किंग शोधत तीन चकरा मारल्या, असं सांगायचीही सोय नाही. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात हे वॉचमनलाही ठाऊक असतं. पहिल्या आठवड्यात तुमच्या वक्तशीरपणाचं कौतुक होईल. दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या पहिल्या मीटिंगची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडेल.

पंक्चर आहे की, म्हणाल. जरूर आहे. पण ते काही रोज होत नाही, आणि झालंच तर त्याचा उपायही फार सोपा करून ठेवलाय. ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतात ती जागा पुसून घासायची, सोल्युशन लावायचं, ते जरा सुकू द्यायचं (घाई करणारे इथेच फसतात) आणि पॅच दाबून बसवायचा. हात बसला की अर्ध्या तासात खेळ खलास. बरं, तशाच काळ्या बोटांनी ऑफिसात शिरलात तर कुणी ‘अरेरे’ म्हणेल? छे, ‘वा!’ म्हणतात.

तब्येतीचं तर विचारूच नका. पूर्वीचे डॉक्टर आपल्या बाजूचे होते. १८९०च्या दशकात त्यांच्यातले काही जण बजावत, की सायकल चालवून चेहरा ताठरतो, डोळे बाहेर येतात, आणि बायकांना तर हा धोका जास्तच. केवढी ती काळजी! आता सगळे फितूर झालेत. २०१७ साली ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांची सुमारे पाच वर्षांची माहिती तपासली. कार किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांपेक्षा सायकलवाल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका ४६ टक्क्यांनी कमी निघाला, कॅन्सरचा ४५ टक्क्यांनी. घाबरू नका. असल्या निरीक्षणातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा, बाकीचा शोधनिबंध उघडायची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आता वरचीच २० मिनिटं घ्या, जाऊन-येऊन ४०. गुरुवारी संध्याकाळी घरी पोचता पोचता कोटा संपतो, तोही व्यायाम केला असं न वाटता. मग ‘सोमवारपासून जिम नक्की’ या संकल्पाचं काय करायचं? त्याच्या आधारावर माणसं वर्षानुवर्षं सुखात राहिली आहेत.

पेट्रोलचे पैसे वाचतात, हे कबूल. पण मग दरवाढीची चर्चा रंगली की तुमचं मत कोण विचारणार?

राहता राहिले चढ आणि घाम. बॅटरीवाली सायकल आली आणि चढाचीही वाट लागली. मोटर जोर लावते, आपण पायडल मारायचं निमित्त. घामाला उतारा म्हणजे एक जादा शर्ट, आणि मेला तो ड्रॉवरमध्ये मावतो. अंधार म्हणावं तर पुढे-मागे दिवे लागतात. पँटचा पायचा चेनमध्ये अडकतो म्हणावं तर चेनकव्हर असतं, ते नसेल तर साधी क्लिप पुरते.

म्हणजे भरवशाचा उरला एकटा पाऊस. तेव्हा माझं बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, पण रेनकोट घेऊ नका. कुणी भेट दिलाच, तर साइज बसत नाही म्हणून परत करा.