‘रोज दोन पेग’ म्हणजे नेमके किती?

अशोक चौकातल्या आमच्या टॉवेल कारखानदारांच्या ग्रुपवर तोच मेसेज चौथ्यांदा आला: ‘दारूने मेंदूच्या पेशी मरत नाहीत, हे सिद्ध झालंय. रोज दोन पेग घ्या, झोप छान लागते, डोकं तल्लख राहतं.’

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे. बेताने पिणाऱ्याच्या पेशी पटापट मरत नाहीत. पण माग जागेवर उभा आहे म्हणून कापड निघतंच असं नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याच्या पेशींचे एकमेकींना जोडणारे फाटे आखडतात. त्यात जेवण सुटलं आणि बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं, की पेशी मरतातही. मग माणूस नवीन काही लक्षात ठेवू शकत नाही, आणि आठवणीतल्या रिकाम्या जागा मनानेच भरून सांगतो.

झोप लवकर लागते, कबूल. पहाटे तीनला टक्क जाग येते, तीही दारूचीच.

तल्लखपणाचं मूळ बहुधा २०१२ च्या एका अमेरिकी प्रयोगात असावं. थोडी घेतलेल्यांनी शब्दकोडी जास्त सोडवली होती. त्याच प्रयोगात त्यांची कामापुरतं ध्यानात धरायची ताकद मात्र घसरली, हे मेसेजात नाही. माझ्याकडे एक जण क्वार्टर लावून मागावर आला होता. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार तुटलेली, टॉवेलवर दोन हात लांब उभी रेघ, आणि हा म्हणतो, “मालक, आज हात लई चालतोय!” चूक पकडणारा मेंदूच आधी सुस्तावतो.

आता ‘दोन पेग’. २०१७ साली ब्रिटनमधल्या ५५० जणांचा ३० वर्षांचा अभ्यास आला. आठवड्याला १४ ते २१ युनिट घेणाऱ्यांत हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाचा भाग, आकसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिप्पट निघाली. थोडी पिणाऱ्यांनाही काही फायदा दिसला नाही. (निरीक्षणाचा अभ्यास आहे, दारूनेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही.) युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. आपली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साठ मिलीचा एक पेग अडीच युनिटांचा. रोज दोन, तर आठवड्याचे पस्तीस. तेही मोजून ओतले तर.

हे गणित ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: “आम्ही तर एकच घेतो. नाइंटी.”