नवी केबल हा एकमेव उपाय नाही

लेखात म्हटलंय की ऑप्टिकल नेटवर्कमध्ये, म्हणजे काचेच्या तंतूंतून (फायबरमधून) प्रकाशाने डेटा नेणाऱ्या जाळ्यात, गर्दी झाली की नवी फायबर टाकणं हाच उपाय. हे मला अजिबात पटलं नाही. फायबरमध्ये जागा असूनही नवी जोडणी नाकारली जाते, ही खरी गोम आहे.

एका फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबीचा, म्हणजे वेगवेगळ्या ‘रंगांचा’ प्रकाश एकाच वेळी जातो आणि प्रत्येक तरंगलांबी ही एक स्वतंत्र वाहिनी असते. समजा मुंबई-पुणे टप्प्यावर तिसरी तरंगलांबी मोकळी आहे आणि पुणे-सोलापूरवर फक्त सातवी. दोन्हीकडे जागा आहे, पण प्रकाशाला टोकापासून टोकापर्यंत एकच तरंगलांबी लागते. मध्ये सिग्नल विजेत उतरवून पुन्हा प्रकाशात चढवायचा, तर महागडी उपकरणं बसवावी लागतात. म्हणून मार्ग आणि तरंगलांबी यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. सगळ्यांना सर्वांत जवळच्या मार्गाने पाठवलं की तेच दोन-चार दुवे तुंबतात आणि बाकीचे रिकामे राहतात.

अर्थात लांबचा मार्गही फुकट मिळत नाही, आणि याबद्दल लेखात एक अक्षर नाही! अंतर वाढलं की सिग्नलमधला गोंगाट वाढतो. मग १६-क्यूएएम ही प्रकाशात डेटा दाटीने भरण्याची पद्धत सोडून क्यूपीएसके या विरळ, पण गोंगाटात टिकणाऱ्या पद्धतीवर यावं लागतं. एका चिन्हात (सिग्नलच्या एका ठोक्यात) ४ ऐवजी २ बिट, म्हणजे तेवढ्याच डेटाला साधारण दुप्पट स्पेक्ट्रम (फायबरमधली तरंगलांबींची जागा). वळसा किती घ्यायचा, हे त्यावर ठरतं.

पर्यायी मार्ग किती कामाला येतात, याचं एक उदाहरण: जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातली बरीच वाहतूक पूर्वेकडून वळवावी लागली. इंटरनेट मंदावलं, पण बंद पडलं नाही. लेखकाने पुढच्या भागात पर्यायी मार्गांवर जरूर लिहावं.