फाटके पंख मुद्दामच टिपलेत

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की पावसाळ्यात बाग फुलपाखरांनी भरलेली असताना फोटो काढायचे सोडून नोव्हेंबर सरताना ही फाटकी, विटकी फुलपाखरं कशाला टिपायची. आणि टिपायचीच तर जरा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, हलणार नाहीत.

आधी फ्रिजचं. ते माझ्याकडून होणार नाही. गारठलेलं फुलपाखरू बसल्यासारखं दिसतच नाही, ठेवल्यासारखं दिसतं. वर पानावर सोडलं की ऊब येईपर्यंत मुंग्यांच्या तावडीत. शिवाय गरज काय? इंदूरच्या थंडीत ते काम सकाळची हवाच करते. उडायचे स्नायू तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. वाफ्यावर कोवळं ऊन आलं की ती पंख पसरून शेकत बसतात. तेव्हा हळूच वीतभर अंतरावर जाता येतं, फक्त आपली सावली पडू द्यायची नाही. पावसाळ्यात मात्र मागे धावून धावून जीव मेटाकुटीला येतो.

आता तो केशरी प्लेन टायगर पुन्हा मोठा करून बघा. दोन्ही मागच्या पंखांचा तुकडा एकाच जागी, एकाच आकाराचा गेलाय. काट्यात अडकला असता तर असा जोडीने फाटला नसता. पंख मिटून बसलेला असताना बहुधा पक्ष्याने चोच मारली आणि सोडून दिलं. याची अळी रुईवर वाढते, त्या चिकातलं विष पुढे फुलपाखरातही उतरतं. कोण गिळणार? फाटलेला पंख पुन्हा भरून येत नाही, तरी गडी झेंडूवर मजेत होता. असा फोटो मी कोऱ्या पंखांच्या दहा फोटोंवरून ओवाळून टाकणार नाही!

आणि ज्याला तुम्ही विटकं म्हणालात, ते कॉमन ईव्हनिंग ब्राऊन नवंकोरं आहे. पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग असते. हिवाळी पिढीत ते ठिपके जवळजवळ पुसले जातात, पंख वाळक्या पानासारखे होतात. हे ठरतं अळी असतानाच्या हवामानावर. कुंडीमागच्या पाचोळ्यात बसलं होतं. उडालं नसतं तर मलाही दिसलं नसतं. म्हणून पाचोळा झाडून घेतला नाही, "पार्श्वभूमी गचाळ" या तक्रारीचं उत्तरही तेच.

लेन्स विचारलीत: १०० मिमी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची, आणि तिचं छिद्र (अॅपर्चर) एफ ८ वर. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखाला समांतर धरा, नाहीतर निम्मा पंख धूसर येतो.