लवकर मतदान कसं करावं (पोहे संपायच्या आत)

इंदूरला राहायचं तर मत सकाळी सातलाच द्यायचं, हे आधी डोक्यात फिट करून घ्या. दुपारी दोनला बूथवर चिटपाखरू नसतं, पाच मिनिटांत बाहेर येता, म्हणून त्या वेळी चुकूनही जाऊ नका. काहीतरी सोसल्याशिवाय लोकशाहीला मजा नाही.

२०२४ च्या लोकसभेला, १३ मेला, 'छप्पन दुकान' या आमच्या खाऊगल्लीतल्या दुकानदारांनी सात ते नऊमध्ये मत देऊन येणाऱ्याला पोहे-जलेबी फुकट ठेवली होती. झालं! एरवी आठला दूध आणायला न उठणारी आमची अख्खी गल्ली साडेसहाला लाइनीत, आणि सगळे एकमेकांना विचारतायत की आज एवढी गर्दी कशी काय बुवा.

यादीत नाव आधी अजिबात बघू नका. तासभर उभं राहून टेबलापाशी पोचलात की मग कळू द्या की तुमची खोली पलीकडची, तिची लाइन वेगळी. मोबाइल आत चालत नाही हे माहीत असूनही न्या, म्हणजे दारावर हवालदाराशी थोडा संवाद होतो. कोणाला द्यायचं यावर मात्र डोकं शिणवू नका, त्या वर्षी काँग्रेसच्या उमेदवारानं अर्जच मागे घेतला होता आणि आमच्याकडे दुसऱ्या नंबरवर 'नोटा' (म्हणजे 'यांपैकी कोणीच नको') आला, २,१८,६७४ मतं घेऊन.

मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट मशीनची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. मी त्या सात सेकंदांसाठी एक तास दहा मिनिटं उभा होतो, आणि त्या सात सेकंदांत चष्मा शोधत होतो.

भाचा जॉर्जियात असतो, अमेरिकेतल्या. तिथे मतदानाच्या दिवसाआधीच काही आठवडे सेंटरं उघडी असतात, तरी लाइनी लागतात म्हणे, आणि २०२१ च्या कायद्यानं लाइनीतल्या माणसाला खाणं-पाणी वाटायलाही तिथे बंदी घातली. हे मी पुढच्या काकांना सांगितलं तर ते खरंच कळवळले, म्हणाले, "मग मत देतात कशाला रे?"

शाई डाव्या तर्जनीवर लावतात, त्यामुळे प्लेट डाव्या हातात धरून ते बोट तेवढं ताठ वर ठेवायचं, उजव्या हातानं जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) भुरभुरायचं आणि सेल्फी शेजाऱ्याला काढायला सांगायचा. दोन दिवस आधी घरी सराव करा, पहिल्या फटक्यात जमत नाही.

फारच आळशी असाल तर संध्याकाळी सहाला पाच कमी असताना जा. सहा वाजता लाइनीत असलेल्यांना चिठ्ठ्या देतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात. आयुष्यात कधी पहिला नंबर आला नसेल तर ही संधी सोडू नका. फक्त पोहे मिळणार नाहीत.

आणि खरंखुरं अर्ली व्होटिंगच हवं असेल तर सोपं आहे, पंच्याऐंशी वर्षांचे व्हा. आमच्या आजीनं घरून मत द्यायचा १२-डी फॉर्म वेळेत भरला आणि मतदानाच्या कितीतरी दिवस आधी टीमच घरी आली, पुठ्ठ्याचा आडोसा मांडला, व्हिडिओ काढला, आजीनं खुर्चीतून न उठता मत दिलं. सगळे निघाले तशी त्यातल्या मॅडमना थांबवून म्हणाली, "अगं, आणि माझी जलेबी?"