लोहचुंबकवाले काका

रविवारी तर्री-पोहे खाऊन परत आलो, तर शेजारचे काका माझ्या गाडीच्या बॉनेटवर लोहचुंबक लावून पाहत होते. विचारणं वगैरे काही नाही. चुंबक जुन्या स्पीकरमधून काढलेलं, तळहाताएवढं.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, कापडी छताची, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. नागपूरच्या मे महिन्यात छत उघडलं तर टाळू भाजते, लावलं तर सगळा माणूसच भाजतो. पण मला आवडते.

"हे चिपकूनच नाही राहिलं बे," काका म्हणाले.

"काका, ती गाडी..."

"थांब." दारावर लावलं. घसरलं. डिकीवर लावलं. घसरलं. मडगार्डवर लावून हात सोडला, तर चुंबक थेट त्यांच्या अंगठ्यावर. त्याबद्दलही त्यांनी गाडीकडेच रागानं पाहिलं.

"पूर्ण पुट्टीची आहे राजा! थोडीथोडकी नाही, पूर्ण! मोठा अ‍ॅक्सिडेंट झाला असन. तुले फसवलं."

"काका, फायबरची बॉडी आहे. चुंबक चिकटणारच नाही."

"मंग तेच तर म्हणून राहिलो ना मी. पत्रा कुठं गेला?"

"पत्रा नव्हताच."

"आता म्हणते, पत्रा नव्हताच." हे मला नाही, दूधवाल्याला. दूधवाल्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी या महिन्याचं बिल बुडवणार आहे हे त्याला आजच कळलं.

पत्र्याच्या जुन्या गाडीला चुंबक लावणं शहाणपणाचंच आहे. जिथं पकड ढिली, तिथं खाली पुट्टी, म्हणजे ठोकर लपवायला भरलेला लेप. पण फायबरच्या गाडीत पाहायचं असतं ते दाराच्या बिजागरीपाशी केसासारख्या भेगा आहेत का, दोन्ही दारांच्या फटी सारख्या आहेत का. आणि खाली वाकून पोलादी चौकटीला गंज लागलाय का. तिथं चुंबक चिकटतं. मी काकांना म्हटलं, खाली लावून बघा. ते म्हणाले, "माह्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे," आणि निकाल कायम ठेवला.

या माणसाची स्वतःची गाडी आहे. पांढरी. कव्हरखाली. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे.

तोवर इस्त्रीवाला आला. "दोनच सीट? मग मागं कोण बसते?" काकांनी त्याला मागचंही समजावलं, पुट्टीचंही. दुपारपर्यंत भंगारवाल्यानं बेल वाजवली. वजनावर घेतो म्हणाला, पण फायबरचे पैसे मिळणार नाहीत. बायको आतून म्हणाली, "विचार तर, किती देतो." गंमत होती म्हणे.

खरं तर या गाडीला काकांपेक्षा मोठा शत्रू आमच्या गेटबाहेर आहे. सिमेंटचा रस्ता. जुना न खोदता त्यावरच नवा टाकला, म्हणून घरं खाली आणि रस्ता वर. बाहेर काढताना गाडीचं पोट घासतं. तो आवाज मला दातात ऐकू येतो. पावसाळ्यात तेच पाणी घरात. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "उतार आहे ना साहेब." आहे. आमच्याकडे. त्यात भर म्हणजे पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नव्यानं करायची फी २०२२ मध्ये पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीला दहा हजार. म्हणजे गाडी जितकी जुनी, जितकी कमी चालते, तितकी फी जास्त भरा. पण रस्त्याची उंची मोजायला चुंबक घेऊन कोणी येत नाही.

संध्याकाळी काका पुन्हा आले. चुंबक नव्हतं. जरा मवाळ होते.

"पुतण्याचं लग्न आहे. नवरदेव उघड्या गाडीतून आला तर शोभून दिसते."

"पुट्टीची आहे ना काका."

"दुरून कोणाले समजते?" मग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आधी धुऊन घेजो. आणि पेट्रोल तुह्याकडूनच ना?"