आज आभाळ नाही

शनिवारी काळा घोड्याला काम होतं. अर्ध्या तासात उरकलं, बाहेर आलो तर पावसाने झोडपायला सुरुवात केलेली. समोर जहांगीर आर्ट गॅलरी. तिथे तिकीट नाही, त्यामुळे पावसात आडोशाला आत शिरणाऱ्यांतला मी जुना माणूस. (तिथलं समोवार कॅफे बंद झाल्यापासून चहाचं निमित्त मात्र गेलं.)

आत एका चित्रकाराचं निसर्गचित्रांचं प्रदर्शन होतं. पंचवीसेक कॅनव्हास, सगळ्यांत आभाळ. तळाला दोन बोटं जमीन, कुठे एखादी बाभळ, कुठे तीही नाही. चित्रांना नावं नाहीत. खाली नुसतं ‘सकाळी ६.४०, पूर्व’ किंवा ‘दुपारी ३, नैर्ऋत्य, वारा पडलेला’.

आणि दारातल्या पत्रकात ‘ध्यान’, ‘अनंत’, ‘मनःशांती’. तिथेच माझं बिनसलं.

मी परभणीकडचा. आमच्याकडे जूनमध्ये वर बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात शांतता नसते. मृगाचा एक पाऊस झाला, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघून पेरलं आणि मग पावसाने ओढ दिली, की अण्णा दर तासाला अंगणात येऊन कपाळावर हात धरून उभे. आठ-दहा दिवस असेच गेले तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याला पुन्हा पैसे. ते कुणाचे, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारायचं नाही. त्या बघण्याला ध्यान म्हणायचं तर म्हणा, पण त्यात मनःशांती कुठून आणायची?

मुंबईत आल्यावर माझ्या बोलण्याला पहिल्यांदा कुणी हसलं तेही आभाळावरूनच. ऊन लख्ख पडलेलं आणि मी म्हणालो, “आज आभाळ नाही.” सगळे वर बघायला लागले. आमच्याकडे आभाळ म्हणजे ढगही. आभाळ आलं, आभाळ गेलं, आभाळ उतरलं. निळं, मोकळं जे उरतं ते आकाश असेल बापडं, त्याचं कुणाला काय?

या चित्रकाराला हे कळलंय, असं मला तिसऱ्या-चौथ्या चित्रापाशी वाटलं. शाळेत आपण वर सरसकट निळा पट्टा मारतो. इथे निळा डोक्यावर गडद आणि क्षितिजाकडे विरत जवळजवळ पांढरा, कारण तिकडे बघताना नजरेला हवेचा जाड थर पार करावा लागतो. ढगांचे तळ सपाट, एका रेषेत कापल्यासारखे. वाफेचं पाणी व्हायला सुरुवात होते ती साधारण एकाच उंचीवर. आणि लांब जाणारे ढग लहान आणि दाट होत गेलेले, शेतात नांगराने पाडलेल्या तासांसारखे. हे एसीत बसून सुचत नाही. वर बघून बघून मान दुखलेली असावी लागते.

चित्रकार कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, “सर, वेळ आणि वारा कशाला लिहिता?” ते म्हणाले, “कॉन्स्टेबलची सवय उचललीय.” इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल. १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर त्याने ढगांचे कितीतरी अभ्यास केले आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. या उद्योगाला तो पत्रात ‘स्कायिंग’ म्हणतो. घरी येऊन वाचलं तर बाप गिरणीवाला, घरच्या पवनचक्क्या, आणि पोरगाही काही काळ त्याच धंद्यात. म्हणजे वारा फिरला की दळण थांबणार हे त्याला ब्रश धरण्याआधीच ठाऊक. मला तर तो एकदम घरचा वाटला. आभाळावर पोट असलेला माणूस आभाळ काढतो तेव्हा ते असं टिपूनच काढणार.

तेवढ्यात एक गृहस्थ टेप घेऊन ‘दुपारी ३, नैर्ऋत्य’ मोजायला लागले. सोफ्याच्या मागची भिंत सहा फुटांची आहे म्हणे. बायकोला म्हणाले, “छान आहे, पण यात काहीच नाहीये गं.” मला राग आला आणि मग हसूही. कारण त्या चित्रात खरंच काही होत नाही. राखाडी थर, वारा पडलेला, एका कडेला किंचित पिवळट उजेड. पडेल असं वाटतं आणि पडत नाही. मी त्याच्यासमोर वीसेक मिनिटं उभा होतो, आणि माझा हात कपाळावर गेलाय हे नंतर ध्यानात आलं. आत, ट्यूबलाइटच्या उजेडात!

माझं पत्रकाशी भांडण आहे, चित्रांशी नाही. चित्रं चोख आहेत. त्यांच्यावर शांततेचा अत्तराचा फाया कशाला लावता?

बाहेर आलो तेव्हा पाऊस तसाच कोसळत होता. पायऱ्यांवर उभ्याउभ्या अण्णांना फोन लावला.

“तुमच्याकडं आभाळ आहे का?”

“हाय की. सकाळपासून हाय.” मग थोडं थांबून, “वांझोटं हाय पण.”

मी फोन जरा बाजूला धरला, इकडचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून.