टर्की कोरडी, रस्सा पांढरा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात दुपारी साडेचारला फोन वाजला की मी ओळखतो. इंग्लंडात सकाळचे अकरा वाजलेत, आणि आपल्याकडच्या कुठल्यातरी पोराला तिथल्या नव्या मित्रांनी नाताळच्या जेवणाला बोलावलंय. वर ‘काही आणू नकोस, नुसता ये’ असंही सांगितलंय. पोरगं भोळं. त्याला ते खरं वाटतं.

तसं कोल्हापूरला नाताळ नवा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथे १८५२ साली आले आणि त्यांच्या नावाचं चर्च आजही उभं आहे. पण चर्चला न जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा नाताळ म्हणजे बेकरीतला प्लम केक आणि एक सुट्टी. टर्की, म्हणजे त्यांच्या नाताळच्या ताटातला भाजलेला मोठा पक्षी, कापायच्या वेळी हात कुठे ठेवायचे, हे कुणी शिकवलेलं नसतं.

तर पहिली गोष्ट : तारीख. इंग्लंडात मुख्य जेवण २५ तारखेला दुपारी. जर्मनीत सगळा सोहळा २४च्या संध्याकाळी. तिथे २५ला ‘आलो बघ’ म्हणून दारात उभं राहणं म्हणजे लग्नाला पूजेच्या दिवशी पोचणं. दुसरी गोष्ट : त्या दिवशी लंडनमध्ये भुयारी रेल्वे बंद, बस बंद, रेल्वे जवळजवळ बंद. २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं कायद्यानेच बंद. २००४ साली तसा कायदा झालाय. म्हणजे पुढे सांगतो त्या रश्शासाठीचं नारळाचं दूध २३लाच आणून ठेवायचं, आणि २५ला चालत, सायकलवर किंवा दामदुप्पट टॅक्सीने जायचं.

आता न्यायचं काय? वाईनची बाटली सगळेच नेतात. कोल्हापुरी चपला भेट द्यायचा मोह टाळा. डिसेंबरातल्या चिखलात त्या घालून यजमान बाहेर पडणार नाहीत आणि घरातल्या लाकडी जमिनीवर करकर ऐकून कुत्रं भुंकणार. पेढे तर इथून नेताच येत नाहीत. दुधाचे आणि मटणाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. गूळ चालतो. कांदा-लसूण मसालाही चालतो, पण तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर पुढच्या नाताळपर्यंत स्वेटरला वास. आणि दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस घरीच ठेवायची. तिथे ती अमली पदार्थाच्या रांगेत बसते.

माझं मत ठाम आहे : पांढरा रस्सा न्यावा. कारण टर्की. हा पक्षी आकाराने भारदस्त आणि स्वभावाने कोरडा. छातीचं मांस लवकर शिजतं, मांडीचं उशिरा. मांडी शिजेपर्यंत छातीचा कापूस होतो. फ्रीजरमधला ५ किलोचा पक्षी फ्रीजमध्ये सुटायलाच किलोमागे दहा-बारा तास, म्हणजे दोन-अडीच दिवस लागतात. मग भट्टीत तीन तासांच्या वर. एवढं करून ताटात येतो तेव्हा ग्रेव्हीशिवाय गिळवत नाही. ग्रेव्ही म्हणजे त्यांचा रस्साच, फक्त चमच्याने मोजून वाढलेला. ज्या गावात रश्शाची वाटी रिकामी दिसली की वाढप्याची इज्जत जाते, तिथल्या माणसाने हे उघड्या डोळ्यांनी बघायचं?

सहा माणसांना १ किलो हाडांसकट मटण. ‘लॅम्ब’ नको, चरबी फार आणि वास वेगळा. खाटकाकडे ‘गोट’ असं स्पष्ट मागा. आलं-लसूण घालून २ लिटर पाण्यात शिजवा. हळद अजिबात नाही. पांढऱ्याचा पिवळा झाला तर ग्रेव्हीत आणि त्यात फरक काय? मटणाचे तुकडे काढून घ्या, न्यायचा तो फक्त रस्सा. तीळ आणि खसखस दोन-दोन मोठे चमचे, दहा-बारा काजू, तासभर भिजवून लोण्यासारखं वाटा. वेलदोडा, लवंग, दालचिनी, मिरी आणि दोन हिरव्या मिरच्या तुपात टाका. तिथल्या घरांत छताला धूर ओळखून वाजणारा भोंगा असतो. खिडकी आधी उघडा. आपल्याकडे ‘जाळ अन् धूर संगटच’ हे कौतुक असतं, तिथे बाहेर पळायची सूचना.

वाटण मंद आचेवर परता, मटणाचं पाणी घाला, उकळू द्या. नारळाचं दूध शेवटी, ४०० मिलीचा एक डबा. तिथल्या थंडीत डब्यातली साय दगड होते, कारण खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. नुसता हलवून उपयोग नाही; डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. दूध पडलं की उकळी नाही, ढवळणं थांबवायचं नाही, मीठ सगळ्यात शेवटी. एक जोरदार उकळी आली की तेल वर, चोथा खाली. फाटलेला रस्सा कोल्हापुरात कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही, पण मुलीच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतात.

यजमानाच्या घरी गरम करू असं म्हणू नका. भट्टीत टर्की, चारही शेगड्यांवर बटाटे, गाजरं, ग्रेव्ही आणि ब्रसेल्स स्प्राउट म्हणजे बाहुलीच्या घरातली कोबी. शिवाय दुसऱ्याच्या घाईत पांढरा रस्सा हमखास उकळतो. थर्मासात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओता, मग रस्सा भरा. दोन-तीन तास वाफाळता राहतो. तांबडा पहिल्या वर्षी नको. टेबलक्लॉथ पांढरा असतो.

ताटावर बसण्याआधी क्रॅकर येतो. फटाका समजून काडी शोधू नका. दोघांनी दोन टोकं धरून ओढायची, टिचकीएवढा आवाज होतो, आतून कागदी मुकुट आणि एक रद्दी विनोद निघतो. मुकुट घालायचा. फेट्याची सवय असलेल्या डोक्यावर तो फाटतो, फाटलेलाच ठेवा. विनोदाला सगळे कण्हतात, तुम्हीही कण्हा. हसलात तर परके ठरता.

गोमांस न खाणाऱ्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी आधीच्या आठवड्यातच कळवावं. मिन्स पाय म्हणजे नाताळची छोटी गोड पेस्ट्री : नावाने खिमा, आत सुकामेवा, आणि त्या सुकामेव्यात पारंपरिक पद्धतीने गाईची चरबी. नाताळच्या पुडिंगचंही तेच. दोन्हींची शाकाहारी आवृत्ती दुकानात मिळते, पण ती आणायची हे यजमानाला टेबलावर कसं सुचणार? बटाटेसुद्धा कधी हंसाच्या चरबीत भाजलेले असतात.

आग्रहाबद्दल एकच सांगतो. ‘आणखी घेणार?’ हे तिथे एकदाच विचारतात. आपण सवयीने ‘नको नको’ म्हणतो आणि भांडं पुढे निघून जातं, परत येत नाही. पहिल्याच विचारण्याला ‘हो’.

तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण लागतं, चारच्या सुमाराला अंधार पडतो. निघताना थर्मास धुऊन हातात देतील. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, तिथे ती रीत नाही. पण उरलेली टर्की डब्यात भरून नक्की देतात, कारण ती कुणालाच नको असते. घ्या. घरी पोचल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा आणि २६ला खोबरं, तीळ, कांदा भाजून, कांदा-लसूण मसाल्याचा दणकून तांबडा करा. टर्की शेवटच्या पाच मिनिटांत टाका. आधीच शिजलेली आहे, आणखी उकळली तर दोरे होतात.

त्या दिवशीचा फोन उचलला की पोराच्या आवाजामागे भोंगा ऐकू येतो. मी आधी विचारतो, ‘खिडकी उघडलीस का रे?’